एका छताखाली आणलेली माणसं

मझुबा मुलेया आमच्या विद्यापीठाच्या माहिती-तंत्रज्ञान विभागाची प्रभारी संचालक झाली, तेव्हा विभाग म्हणजे आम्ही चार टाळकी आणि ग्रंथालयाच्या मागची एक खोली. आधीचे संचालक निवृत्त होऊन शेतावर निघून गेले होते. कुलसचिवांनी मझुबाला बोलावून सांगितलं, नवा माणूस नेमेपर्यंत तू बघ. ती नेटवर्कचं काम बघायची. तिला वाटलं, दोन-तीन महिने काढायचे आहेत.

मी तक्रारींच्या खिडकीत बसते. माझं नाव मुसोंदा, पण मुलं मला बामायो म्हणतात. इकडे आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला तेच म्हणतात.

तेव्हा विद्यापीठात संगणकाचा कारभार एक नव्हता, सहा होते. कृषी शाखेचा वेगळा, शिक्षणशास्त्राचा वेगळा, विज्ञानाचा वेगळा, वित्त विभागाचा तर असा की तिथे आम्हाला पाऊलही टाकू देत नसत. ज्याच्या त्याच्या डीनने आपला सर्व्हर घेतलेला, आपला माणूस ठेवलेला. एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही. एकदा चिपेगो नावाची एक मुलगी माझ्या खिडकीशी आली. शिक्षणशास्त्राच्या हिशेबात ती पास होती, वित्त विभागाकडे तिची फी दुसऱ्याच एका चिपेगोच्या नावावर पडली होती आणि ग्रंथालय म्हणत होतं, अशी कुणी विद्यार्थिनीच नाही. दिवसभर या दारातून त्या दारात फिरून ती माझ्यासमोरच्या पायरीवर बसली, चपला काढून ठेवल्या आणि म्हणाली, "बामायो, मी आहे की नाही, तेवढं कुणीतरी ठरवून सांगा."

मझुबा आतून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी ती कुलगुरूंकडे गेली. ते वयस्कर गृहस्थ होते, ऐकून घेणारे. ते म्हणाले, हे सगळं एका छताखाली आण. यंत्रंही आण, माणसंही आण. विभागाचा नवा आराखडा कर, मी परिषदेपुढे ठेवतो. तुझ्या जागेचंही तेव्हाच पक्कं करून टाकू.

यंत्रं आणणं सोपं होतं. माणसं आणायची म्हणजे डीनच्या हातून पदं सोडवून घ्यायची. पद म्हणजे पगार, आणि पगार म्हणजे डीनचा वट. मझुबा एकेकाच्या दारात जाऊन बसली. बहुतेकांनी तोंडदेखलं हो म्हटलं आणि बोट कृषी शाखेकडे दाखवलं. सिमासिकू येत असेल तर आमचा माणूस देतो.

सिमासिकू पश्चिमेकडचा, सेनांगाचा. कृषी शाखेत त्याचे केस पिकले होते. दूध तपासायच्या जुन्या प्रयोगशाळेत त्याने सर्व्हर मांडला होता आणि सगळ्या आवारात चालू असलेला एसी काय तो त्याच्याच खोलीत होता. तो लोझी, नदीकाठच्या मासेमारांतला; मझुबा टोंगा, गुरं पाळणाऱ्यांतली. या दोन जमाती एकमेकींच्या चेष्टेच्या सोयऱ्या. भेटल्याबरोबर एकमेकांचा पाणउतारा करायचा आणि समोरच्याने हसून घ्यायचं, ही रीत. मझुबा मला बरोबर घेऊन गेली होती, म्हणून तो प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला.

"आलात का गुरं शोधत?" तो खुर्चीतून न उठता म्हणाला. "गोठा डेअरीच्या बाजूला आहे, सोयरीणबाई. इथे माणसं बसतात."

"मासळीचा वास आला म्हणून वळले," मझुबा म्हणाली. "म्हटलं, लोझी जिवंत आहे की वाळत घातलाय, बघून यावं."

सिमासिकूने हसत खुर्ची पुढे सरकवली. ती बसली आणि सरळ मुद्द्यावर आली.

"तुमचा सर्व्हर मला द्या."

"आणि बायको?"

"बायको ठेवा. इतकी वर्षं जुन्या मशीनवर चाललेली, आता दुसरीकडे चालायची नाही."

तो पुन्हा हसला, पण या वेळी लवकर थांबला. "मला इथे माहीत आहे मी कुणाचा माणूस आहे. डीन येतात, जातात, मी कृषीचा. तुमच्याकडे आलो तर मी कुणाचा?"

"विद्यापीठाचा."

"विद्यापीठ म्हणजे कोण? त्याचा फोन नंबर द्या मला. घराचं छप्पर गळलं तर मी कुणाला लावू?"

"मला लावा," मझुबा म्हणाली. "आराखड्यात प्रत्येक माणसाची जागा आहे. मी कुलगुरूंसमोर बसून एकेक नाव घातलंय. कुणाचीही नोकरी जाणार नाही. हा माझा शब्द."

"तुमचं नाव कुठे आहे त्यात?"

"माझं परिषद करेल."

"म्हणजे जिची स्वतःची चटई अजून पसरलेली नाही, ती मला बसायला बोलावतेय." तो उठला, दार उघडून धरलं. "जा, सोयरीणबाई. दूध काढायची वेळ झाली तुमची."

आला तो वेगळ्याच कारणाने. ऑक्टोबरात, उन्हाने पत्रे तडतडत असताना, लोडशेडिंगनंतर वीज आली ती एकदम इतकी चढून आली की दूध-प्रयोगशाळेतून धूर निघाला. सर्व्हर गेला. नक्कल ठेवलेली डिस्कही त्यालाच जोडलेली होती, तीही गेली. कृषी शाखेच्या सगळ्या मुलांचे गुण त्यात होते. सिमासिकू दारात उभा राहून नुसता बघत होता. मझुबाने विज्ञान शाखेचा माणूस बोलावला, शिक्षणशास्त्राचा बोलावला, वित्त विभागातल्या एकाला तर अक्षरशः हाताला धरून आणलं. तीन दिवस ही सगळी मंडळी जमिनीवर मांडी घालून बसली. कुणाला जळक्या डिस्कमधून काही काढता आलं, कुणाकडे परीक्षा विभागाला पाठवलेल्या जुन्या फाइली निघाल्या. तुकडे जुळवत जुळवत बहुतेक गुण परत आले.

सिमासिकूने सगळ्यांना चहा आणि वितुम्बुवा, म्हणजे तेलात तळलेले पिठाचे गोड गोळे, आणले. मझुबाच्या हातावर ठेवताना म्हणाला, "एकट्याला जमलं नसतं हे." आणि जरा वेळाने, "पसरा तुमची चटई. येतो."

तो आला तसे बाकीचेही आले. बंद पडलेलं विद्यार्थ्यांचं कँटीन आम्हाला मिळालं. भिंतींना तेलाचे डाग होते, ते रंगवूनही पुसले गेले नाहीत. पण एका छताखाली सगळे होते. प्रत्येक विद्यार्थ्याची एकच नोंद झाली. फी, गुण, ग्रंथालय, वसतिगृह, सगळं एका ठिकाणी. सिमासिकूकडे या नोंदींच्या रोज नकला ठेवण्याचं काम दिलं. एकदा पोळलेला माणूस होता. रोज सकाळी आल्यावर चहाच्या आधी तो कालची नक्कल उघडून बघायचा, त्यातली चार-सहा नावं काढून पडताळायचा. मझुबा म्हणायची, "लोझीला मासा विका, तो आधी कल्ले उघडून बघणार." तो म्हणायचा, "आणि टोंगाला विका, तो विचारणार याच्या बदल्यात गाय मिळेल का."

दुपारी वीज नसली की मागच्या ओट्यावर कोळशाची शेगडी पेटायची. कुणी मक्याच्या पिठाचा न्शिमा घोटायचं, कुणी भोपळ्याची पानं शेंगदाण्याचं कूट घालून शिजवायचं. वित्त विभागातून आलेला तो घुमा माणूससुद्धा तिथे बोलायला लागला. त्या वर्षी पदवीदानाच्या आठवड्यात माझ्या खिडकीशी कुणीच आलं नाही. मी दिवसभर खुर्चीत बसून लोकर विणली. मझुबा येऊन माझ्याकडे बघून गेली, तिचा तेव्हाचा चेहरा मला अजून आठवतो. मी तिला तेवढं सुखी पुन्हा पाहिलं नाही.

आराखडा मात्र परिषदेत अडकला होता. दर बैठकीच्या दिवशी ती निळा सूट घालून यायची, कारण कधीही आत बोलावतील. संध्याकाळी कळायचं, विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. मग कुलगुरूंची मुदत संपली आणि ते गेले. नवे आले. सरकारकडून येणारं अनुदान कमी झालं, पगार उशिरा व्हायला लागले, प्राध्यापकांनी संप केला, मिटला, पुन्हा केला. मझुबा प्रभारीच राहिली. वर्षं गेली.

एके दिवशी सकाळी कुलसचिवांच्या कार्यालयातून फोन आला, आराखडा मंजूर झाला. कँटीनमध्ये एकदम गलका उडाला. सिमासिकूने कुणालातरी पाठवून थंड पेयांचा एक क्रेट मागवला आणि मझुबाला म्हणाला, "आता तरी जरा बायकांसारखं नीट बसा, संचालक झालात." तिने डोळे पुसले. सगळ्यांनी पाहिलं आणि कुणी पाहिल्याचं दाखवलं नाही.

दुपारी कागद आला. तिने तो उभ्यानेच वाचला, मग बसून वाचला. आराखडा मंजूर होता, पण त्यातली निम्मी पदं गाळली होती. आणि संचालकाला डॉक्टरेट आवश्यक होती. ती तिच्याकडे नव्हती.

"काय लिहिलंय?" सिमासिकूने विचारलं.

"उद्या सांगते," ती म्हणाली. "मला आधी कुलसचिवांना भेटून येऊ दे."

सिमासिकूने हातातली बाटली न उघडता क्रेटमध्ये परत ठेवली.

नवे संचालक डॉ. कापेम्ब्वा राजधानीहून आले. त्यांना वाईट म्हणता यायचं नाही. सगळ्यांशी हात मिळवायचे, नावं लक्षात ठेवायचे, कुणावर आवाज चढवायचे नाहीत. मझुबाला त्यांनी उपसंचालक म्हणून ठेवायचं ठरवलं, आणि पहिल्याच आठवड्यात तिला समोर बसवून म्हणाले, कोण ठेवायचं आणि कोण जाऊ द्यायचं, ते तुम्हीच सुचवा. तुम्ही यांना ओळखता. हे तिने मला त्याच संध्याकाळी सांगितलं. आम्ही दोघी कर्मचारी वसाहतीच्या रस्त्याने घरी चाललो होतो.

"मी म्हटलं, मी नाही करणार. मी यांना शब्द देऊन आणलंय."

"मग?"

"ते म्हणाले, शब्द तुम्ही दिला होता, विद्यापीठाने नाही." तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "रागाने नाही म्हणाले, मुसोंदा. समजावल्यासारखं म्हणाले. आणि त्यांचं बरोबर आहे. मी कोण होते शब्द देणारी? मी प्रभारी."

मग ती पुन्हा डीनच्या दारांत गेली. या वेळी उलटं मागायला. तुमचा माणूस परत घ्या. कृषीचे डीन तिला ओळखत होते, चहा मागवला. म्हणाले, "मला सिमासिकू हवाच आहे. पण पद कुठे आहे माझ्याकडे? पद तुम्ही नेलंत, मुलेया. मी सही करून दिलंय तुम्हाला. आता ते ना माझ्याकडे, ना तुमच्याकडे. माणूस काय नुसता हवेत ठेवू?"

"इतकी वर्षं तुमच्याकडे होता."

"म्हणून तर कुणी हात लावला नव्हता त्याला. आमच्याकडे असता तर आजही लावला नसता."

ते वाक्य घेऊन ती परत आली. तिने ते मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारात काय भाव चाललाय ते सांगावं तसा. मला तिचा आवाज रडवेला असता तर बरं वाटलं असतं.

शेवटी ती नव्या कुलगुरूंकडे गेली. जाण्याआधी मला काही बोलली नाही, नाहीतर मी अडवलं असतं. तिचा हिशेब सरळ होता. उपसंचालकाचा पगार मोठा. ती गेली तर त्या पैशांत सिमासिकू आणि आणखी एक, अशी दोन माणसं राहू शकतील. तिने राजीनामा लिहून नेला होता. कुलगुरूंनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, तुमच्या भावनेचा मी आदर करतो.

"आणि ती दोन पदं?" तिने विचारलं.

"तो वेगळा विषय आहे. तो परिषदेकडे जाईल."

"मग राजीनामा मी परत घेते."

"आता तो माझ्या टेबलावर आला," ते म्हणाले. "पण एक सांगतो, मिसेस मुलेया. तुमचं स्वतःचं मन जर इथून उठलं असेल, तर कशाला राहता?"

ती मिसेस नव्हती. तिने लग्न केलं नव्हतं. हे तिने मला शेवटी सांगितलं आणि थोडी हसली.

राजीनामा मंजूर झाला. उपसंचालकाचं पद गोठवलं. आणि त्याच आठवड्यात कँटीनच्या फलकावर जाणाऱ्यांची नावं लागली. ज्यांच्याकडे पदवी नव्हती ते गेले, हा नियम डॉ. कापेम्ब्वांनी लावला, कारण नियम लावला की कुणावर अन्याय झाला असं म्हणता येत नाही. सिमासिकूकडे डिप्लोमा होता, तोही जुना. वित्त विभागातला घुमा माणूस गेला. शिक्षणशास्त्रातून आलेली बाई गेली, तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता. माझी खिडकी राहिली, कारण खिडकीत बसायला पदवी लागत नाही असं ठरलं.

त्या दिवशी मागच्या ओट्यावर शेगडी कुणी पेटवली नाही. सगळे आपापल्या खुर्चीत बसून होते. मझुबा आत आली तशी सगळी उभी राहिली. सिमासिकूही. तो तिला म्हणाला, "मॅडम." इतकंच. इतक्या वर्षांत त्याने तिला मॅडम कधी म्हटलं नव्हतं. ती काहीतरी बोलायला गेली. बहुधा चेष्टाच करायला गेली, कारण ओठ तसे हलले. पण सगळे तिच्याकडे बघत होते. ती उभी राहिली, मग आपल्या खोलीत जाऊन बसली.

नोकरी गेली की वसाहतीतलं घरही जातं. महिनाअखेर सिमासिकूच्या घरासमोर ट्रक आला. मी मदतीला गेले होते. त्याची बायको भांडी चादरीत बांधत होती. मुली शाळेतून काढल्या होत्या, तिकडे सेनांगाला कुठली शाळा मिळेल ते जाऊन बघायचं होतं. मझुबा आली तेव्हा खाट ट्रकवर चढत होती. तिने पटकन एक टोक धरलं. सिमासिकूने ते तिच्या हातातून हळूच काढून घेतलं, आतून शिल्लक राहिलेली एकुलती खुर्ची आणली, जमिनीवर ठेवली आणि तिला बसायला सांगितलं. मग तिच्यासमोर गुडघे टेकून सावकाश टाळ्या वाजवल्या. लोझी माणूस थोरांना असं वंदन करतो. सोयऱ्याला करत नाही.

"असं नका करू," ती म्हणाली.

"तुम्ही आमच्या साहेब होता."

"शिव्या द्या मला, सिमासिकू. तुमचा हक्क आहे. माझ्या गाईगुरांना द्या, माझ्या बापाला द्या."

तो गुडघ्यावरच होता. "तुमचा दोष नाही, हे मला कळतं," तो म्हणाला. "तुम्ही खोटं नाही बोललात. राजीनामा दिलात तेही कळलं. सगळं कळतं मला. कळून करू काय?"

ती ट्रक निघेपर्यंत त्या खुर्चीत बसून राहिली. मग खुर्चीही चढवायची होती म्हणून उठावं लागलं.

नंतर ती मोन्झेच्या पुढे भावाच्या शेतावर राहायला गेली. दोन-तीन ठिकाणी अर्ज केले, पण मुलाखतीत विचारायचे, इतकी वर्षं प्रभारीच कशा राहिलात, आणि मुलाखत तिथेच संपायची. मिशनच्या शाळेत आठवड्यातून दोनदा संगणक शिकवायची. तिथे वीज असेल तेव्हा संगणकावर, नसेल तेव्हा फळ्यावर चित्र काढून. सिमासिकूला ती फोन करायची. तो उचलायचा, नमस्कार करायचा, नदीला पूर आला, ओसरला, ते सांगायचा, आणि मॅडम म्हणून फोन ठेवायचा.

इकडे वर्षभरात कृषी शाखेने कुठल्यातरी परदेशी प्रकल्पाच्या पैशांतून स्वतःचा सर्व्हर घेतला. तक्रार करूनही कँटीनमधून कुणी येत नाही, असं डीनचं म्हणणं होतं, आणि ते खरं होतं. यायला माणूस होताच कुठे? कृषीचं बघून विज्ञानाने घेतला, मग वित्त विभागाने. डॉ. कापेम्ब्वांनी विरोध केला नाही. त्यांना दुसऱ्या देशात मोठी जागा मिळाली होती, ते हात मिळवून निघून गेले. मधल्या काळातले गुण, प्रवेश, सगळं मात्र अजून कँटीनमधल्या यंत्रावरच होतं, आणि एका ऑगस्टमध्ये ते यंत्र बंद पडलं.

कुलगुरूंच्या कार्यालयाने मला पाठवलं. मुलेयाबाईंशी तुमचं बरं आहे, त्यांना चार दिवस येऊन जायला सांगा, येण्याजाण्याचा खर्च देऊ. मी बसने गेले. ती अंगणात मक्याची कणसं सोलत बसली होती, हाताला भेगा पडलेल्या. मी सांगितलं. तिने आधी विचारलं, "जे गेले त्यांच्याबद्दल काही म्हणाले?"

"नाही."

"पदवीदान कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात."

ती सोलत राहिली. मला वाटलं, ही आता नाही म्हणेल, आणि मला मनातून ते हवंही होतं. पण ती म्हणाली, "मुलांचं काय चुकलं?" आणि पिशवी भरायला आत गेली.

दारावरच्या पहारेकऱ्याने तिला पाहुण्यांचा बिल्ला दिला. तो नवा होता, तिला ओळखत नव्हता. कँटीनमध्ये उरलेल्या दोघांबरोबर ती दिवसभर बसली. यंत्र उघडलं, त्यात काही उरलं नव्हतं. मग नकला काढल्या. नकला होत्या. दररोज ठरल्या वेळी आपोआप झालेल्या, तारीखवार लावलेल्या. तिने अलीकडची उघडली, ती रिकामी होती. त्याआधीची उघडली, तीही. ती मागे मागे जात राहिली. जवळजवळ दोन वर्षांच्या नकला रिकाम्या होत्या. यंत्र इमानाने रोज शून्याची नक्कल करत होतं आणि ती उघडून बघणारं कुणी नव्हतं. ते पद रद्द झालं होतं.

मी तिच्या मागे उभी होते. सिमासिकू गेल्यानंतर पावसाळा संपेपर्यंतचं सगळं नीट होतं. पुढे काही नाही. तिने हात मांडीवर ठेवले. "हे परत येणार नाही, मुसोंदा," ती म्हणाली. "तेव्हा जळकी का होईना, डिस्क तरी होती. इथे काही लिहिलंच गेलं नाही."

दुसऱ्या दिवशी समिती बसली. मला पाणी-चहा बघायला आत ठेवलं होतं. मझुबाने होतं ते सांगितलं. गेल्या दोन वर्षांतले मुलांचे गुण गेले. शिक्षकांकडे जे कागद असतील ते गोळा करा, मुलांकडे जे असतील ते मागा. काहींचं जुळेल, काहींचं नाही. ज्यांचं जुळणार नाही त्यांच्या परीक्षा पुन्हा घ्याव्या लागतील.

कुलगुरूंनी विचारलं, "म्हणजे मुळात सगळं एकाच ठिकाणी आणलं, तिथेच चूक झाली, असं म्हणायचं का?"

खोलीत सगळे तिच्याकडे बघत होते. ज्यांनी पदं गाळली तेही, ज्यांनी सर्व्हर घेतले ते डीनही. मला वाटलं, आता ती बोलेल. आता तरी सांगेल, कुणी काय केलं ते. तिच्याकडे सगळं होतं, एकेक गोष्ट तिला पाठ होती. ती कुलगुरूंकडे बराच वेळ बघत राहिली, जणू त्यांनी विचारलेलं तिला खरंच तपासून बघायचं होतं.

"लिहा तसं," ती म्हणाली.

सचिवाने लिहून घेतलं.

मी तिला बसस्थानकापर्यंत सोडायला गेले. खर्चाचे पैसे दिले नव्हते, फॉर्म भरून द्या म्हणाले होते, तो तिने घेतला नाही. मोन्झेकडची बस अर्धी रिकामी होती. भरल्याशिवाय सुटणार नव्हती. ती खिडकीशी बसली, शेजारी कुणाचं तरी कोंबड्यांचं खुराडं. मी खाली उभी राहिले. कंडक्टर प्रवाशांना हाका मारत फिरत होता.

"तू का नाही बोललीस?" मी विचारलं.

"मी तिथे बसल्या बसल्या तेच बघत होते," ती म्हणाली. "ते म्हणतात ते खोटं कुठे आहे, ते शोधत होते. मी नसते तर सिमासिकू आज आपल्या खोलीत असता. तो बसला असता एसीत, चिडचिड करत. चिपेगोसारख्या चार पोरी दारोदार फिरल्या असत्या. फिरून फिरून शेवटी पदवी मिळाली असती त्यांना. आता तेही नाही."

"असं नाही ते."

"मग कसं आहे? सांग मला."

मी आजवर त्याचा पुष्कळ विचार केलाय, आणि आजही मला ते सांगता येत नाही.

बसमध्ये आणखी दोन माणसं चढली. एक बाई रताळ्यांचं पोतं घेऊन आली, ते वर चढवायला मी हात दिला. बस भरायला अजून बराच वेळ होता. मझुबाने डोकं खिडकीच्या गजाला टेकवलं.

"फोन करत जा," ती म्हणाली. "पण विद्यापीठाचं काही सांगू नकोस."

मी हो म्हटलं. ऊन चढत होतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "जा तू, मुसोंदा. तुझी खिडकी बंद आहे," आणि मी निघाले.